संपाच्या घरात वाढलेली मुलं: १९८२ने आपल्या स्वभावाचं काय केलं?

सुलभा_करीरोड

नमस्कार मंडळी. ‘तुमचा स्वभाव कशामुळे घडला’ असे धागे इथे अधूनमधून निघतात. लोक शिक्षकांबद्दल लिहितात, पुस्तकांबद्दल, हिमालयातल्या भटकंतीबद्दल. मी ते आवडीने वाचते, पण माझं उत्तर त्यात कुठे बसत नाही. माझं उत्तर गिरणी संप हे आहे, आणि ते माझ्या एकटीचं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांत असंतोष उफाळला आणि १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या साठाहून जास्त कापड गिरण्या एकदम थांबल्या. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. मागण्या साध्या होत्या. पगारवाढ हवी, वर्षानुवर्षं बदलीवर, म्हणजे गैरहजर कायम कामगाराच्या जागी, राबणाऱ्यांना कायम करा, आणि १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच कामगारांच्या वतीने बोलणारी एकमेव संघटना ठरली होती, ते बदला. कामगार हे कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा आजतागायत झालेली नाही. तो विरत गेला, आणि लाखाहून जास्त कामगारांना परत गिरणीचं तोंड दिसलं नाही.

मी तेव्हा पाचवीत. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायला. आई घरात खानावळ चालवायची. आमच्या गावाकडची माणसं गावकऱ्यांच्या खोलीत राहायची, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायची आणि जेवायला आमच्याकडे यायची. आईने १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी उभं केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळातून बँकेचं कर्ज घेतलं होतं. गटातल्या बायका एकमेकींना जामीन. संप लागला आणि मेंबरांचे, म्हणजे या जेवायला येणाऱ्यांचे, पैसे थांबले. बँकेचा हप्ता मात्र थांबणार नव्हता.

आईने खानावळ बंद केली नाही. आठवड्याचं मटण गेलं, मग मासळी गेली, मग आमटीत डाळ शोधावी लागायची. मेंबर कमी झाले ते गावी गेले म्हणून, आईने कोणाला नको म्हटलं म्हणून नव्हे. तिची एक लांबट वही होती. त्यात प्रत्येकाच्या नावाचं पान, जेवणं, आणि जेवला नसेल त्या दिवशीचा खाडा. पैसे येणार नाहीत हे माहीत असतानाही ती खाडा चोख धरायची. मी एकदा विचारलं, कशाला? तर म्हणाली, “त्याला जेव्हा द्यायचं असेल तेव्हा किती द्यायचं ते कळायला नको? आणि न खाल्लेल्या जेवणाचा बोजा माझ्या वहीत कोणाच्या डोक्यावर नको.”

पुढे काहींनी गावाहून मनिऑर्डरी केल्या. एकाने एस.टी.वर तांदळाचं पोतं चढवून दिलं. काही कधीच आले नाहीत. आई कोणाच्या दारात मागायला गेली नाही आणि तिने कोणाचं पानही फाडलं नाही.

मी आता एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. हप्ता थकलेल्या माणसाशी मी कशी बोलते, फोनवर कोणते शब्द वापरत नाही, हिशेब किती वेळा तपासून मग त्याच्यासमोर ठेवते, ते सगळं त्या वहीतून आलंय. कर्ज बुडवणारा आणि कर्जात बुडालेला हा फरक मला प्रशिक्षणात कोणी शिकवला नाही.

तुमच्या घरी काय झालं? तुमच्यात काय उरलं? मोकळेपणी लिहा.

---

खिडकीतला_पिंपळ

माझी आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला होती. संपावर बोलताना सगळे वडिलांबद्दलच बोलतात. रात्री सविस्तर लिहितो.

---

माणदेशी_वारा

सुलभाताई, तुम्ही मुंबईकडून लिहिलंत, मी गावाकडून लिहितो.

माझे वडील संप लागल्यावर होळीला म्हणून गावी आले ते परत गेलेच नाहीत. आमचा भाग सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा, कोरडवाहू. घर मनिऑर्डरीवर चालायचं. तोवर वडील म्हणजे यात्रेला आणि दिवाळीला येणारे पाहुणे. इस्त्रीचा सदरा, गोळ्यांचा पुडा, अंगाला मुंबईच्या साबणाचा वास. आता तेच वडील रोज सकाळी ओट्यावर बसलेले दिसायला लागले. गावात जो भेटेल तो एकच विचारायचा, “मग, कधी जाणार मुंबईला?” पहिल्या पावसापर्यंत ते उत्तर द्यायचे. नंतर त्यांनी गावातल्या पारावर जाणं सोडलं.

मग ते रोजगार हमीच्या कामावर जायला लागले. महाराष्ट्रात हमीचा कायदा १९७७ साली झाला, १९७९पासून लागू झाला, त्यामुळे मागेल त्याला काम मिळत होतं हे आमचं नशीब. पाझर तलावाचं काम चालू होतं. खडी फोडायची, माती वाहायची. गिरणीत साचे सांभाळणारा माणूस, बोटं सुतावर चालणारी. पहिल्या आठवड्यात हात फुटले. आई म्हणाली, मी जाते, तुम्ही घरी राहा, लोक बघतात. ते म्हणाले, बघू देत.

आणि ते गिरणीचा इस्त्रीचा सदरा घालूनच कामावर जायचे. कामाच्या जागी काढून, घडी करून झाडाखाली ठेवायचे, संध्याकाळी पुन्हा घालून घरी. मला तेव्हा त्याची लाज वाटायची, पोरं हसायची म्हणून. आज मी माध्यमिक शाळेत शिकवतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं माझ्या वर्गात असतात, दिवाळीनंतर गायब होतात, उन्हाळ्यात परत येतात. त्यांना वर्गात आई-वडिलांच्या कामाबद्दल बोलायला लावताना मी फार जपून लावतो, पण लावतो. काम सांगताना पोराची मान खाली जाता कामा नये, एवढं एक मी नोकरीभर धरून बसलोय.

---

चिंचपोकळीचा_बाळा

दोघांचंही वाचलं. खोटं म्हणत नाही. पण मला या धाग्याचा सूर पटत नाही, म्हणून लिहितो.

संकटं माणसाला घडवतात असं म्हणताना आपण फक्त घडलेली माणसं मोजतो. माझा मोठा भाऊ दहावीला होता. संपात शाळा सुटली. आधी वर्तमानपत्रं टाकली, मग भाजीची गाडी लावली, ती पालिकेच्या गाडीने उचलून नेली. आमच्या गल्लीत त्या वेळी पोरांना दुसरं काम देणारे लोक होते. सगळ्यांना ठाऊक आहे कोण ते. कुठे तरी उभं राहायचं, निरोप पोचवायचा, एवढंच आधी. महिन्याला वडील गिरणीत कमवायचे त्याहून जास्त पैसे तो आणायला लागला आणि घरात कोणी विचारेना, कारण चूल त्याच्यावर पेटत होती. पुढचं लिहीत नाही. तो गेला तेव्हा त्याचं वय लग्नाचंही नव्हतं.

वडिलांना माहीत होतं. ते शेवटपर्यंत त्या पैशाचं जेवले, आणि त्यानंतर जगले तोवर स्वतःशी बोलायचे.

माझ्यात काय उरलं विचारता? भीती. मी आयुष्यभर एकाच नोकरीत राहिलो. युनियनच्या सभेला कधी उभा राहिलो नाही. साहेबाला उलट बोललो नाही, तो चुकत असतानाही. पगार झाला की पहिल्यांदा तीन महिन्यांचं धान्य भरतो, अजून, मुलं मिळवती झाली तरी. हाही संपानेच घडवलेला स्वभाव आहे. त्याला मूल्य म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

---

सुलभा_करीरोड

बाळा, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. मी ‘काय उरलं’ असंच विचारलं होतं, चांगलंच सांगा असं नाही.

मला एक मात्र नक्की वाटतं. आमच्याकडे आईची वही होती, गटातल्या बायका होत्या, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या भरायच्या. तुमच्या भावासमोर त्या वयात, त्या गल्लीत, हात पुढे करणारे तेवढेच लोक होते. हाल सगळ्यांचे सारखेच झाले असतील. आजूबाजूला कोण होतं यानेच पुढची वाट ठरली. तुमचा भाऊ स्वभावाने कमी होता असं मी एक क्षणही मानणार नाही.

---

पाऊसकाळ

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज लिहिते.

माझे वडील कामावर परत गेले होते. संप चालू असताना.

आईला क्षयाची औषधं चालू होती. वडिलांचं कार्ड चालू राहिलं तर कामगार विम्याच्या दवाखान्यातून औषध मिळेल, नाहीतर बाहेरून विकत घ्यायचं. जून-जुलैपर्यंत त्यांनी कळ काढली, भांडी विकली, आईचे डोरल्यातले मणी गेले. मग एके दिवशी पहाटे ते बंदोबस्तातल्या गाडीतून गिरणीत गेले. आत गेलेली माणसं काही दिवस आतच राहायची, बाहेर यायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी आमच्या दारात ताटात बांगड्या आणि हळदकुंकू ठेवलेलं होतं. आईने ते ताट उचललं, बांगड्या कपाटात ठेवल्या, ताट घासून ज्या घरचं होतं त्या घरी नेऊन दिलं. ताटावर नाव कोरलेलं होतं ना.

त्यानंतर चाळीत आमच्याशी कोणी बोललं नाही. नळावर आमची बादली मागे सारायचे. गणपतीत आमच्या खोलीची वर्गणी मागायला कोणी आलं नाही, ते मला सर्वात जास्त लागलं होतं. मी दुसरीत होते.

आई जगली. अजून आहे.

यातून माझं काय झालं सांगते. घोळक्याने कोणाला तरी दोषी ठरवायला सुरुवात केली, मग ते ऑफिसात असो, सोसायटीत असो, इथे असो, की माझी जीभ जड होते आणि मी आधी विचारते, त्या माणसाच्या घरात काय चाललंय? लोक मला मिळमिळीत म्हणतात. ठाम भूमिका घेत नाही म्हणतात. म्हणू देत. ठाम भूमिका दाराशी येताना कशी दिसते ते मी बघितलंय.

वडील वारले तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं की संप बरोबर होता. मागण्या बरोबर होत्या. हे त्यांनी कधी नाकारलं नाही. फक्त आपल्याला तो पेलला नाही म्हणायचे.

---

माणदेशी_वारा

ताई, दोनदा वाचलं. लिहीत राहा.

---

अनघा_हिंदू_कॉलनी

मी गिरणगावातली नाही. वडील बँकेत, पगार वेळेवर. पण शाळा परळजवळ, वर्गात निम्मी मुलं गिरणी कामगारांची. त्या वर्षी डबे बदलले. कोणी डबा उघडून झाकणाआड खायला लागलं, कोणी मधल्या सुट्टीत मैदानातच राहायचं. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी कोणाच्या फीची काय व्यवस्था केली ते वर्गाला कधीच कळलं नाही. मला पुढे फार वर्षांनी एका मैत्रिणीने सांगितलं की तिची वर्षाची फी बाईंनी भरली होती, आणि तिलाही ते शाळा सोडतानाच कळलं होतं.

मदत अशी करायची की घेणाऱ्याला वर्गात मान वर करून बसता यावं. मी हे बाहेरून बघून शिकले, भोगून नाही. म्हणून लिहावं की नको असं वाटत होतं.

---

तात्या_भोंगा

पोरांनो, मी प्रत्यक्ष त्यातला. बदली कामगार. आता सत्तरीच्या पुढे आहे, टाइप नातीने करून दिलंय, बोलणं माझं.

बदली म्हणजे काय ते नव्या लोकांना कळणार नाही. रोज पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. कोणी कायमवाला आला नाही तर आपल्याला आत घेणार, नाहीतर चालत घरी. काही जण असे उभे राहून म्हातारे झाले. आम्हाला कायम करा ही मागणी होती, म्हणून आम्ही संपात शेवटपर्यंत चिकटून राहिलो. गमवायला आमच्याकडे कायमपण नव्हतंच.

पोट भरायला मी भिवंडीला यंत्रमागावर गेलो. बारा बारा तासांची पाळी, कानात दडे बसायचे. तिथे जाऊन कळलं की गिरणीचं कापड आता तिथे विणलं जातंय. म्हणजे संप मोडायचं काम संपवाल्यांच्याच हातून चाललं होतं. हे कळल्यावर मी गाडीतून कामावर गेलेल्यांना फितूर म्हणणं सोडलं. पाऊसकाळ, बाळ, तुझ्या वडलांनी पोलिसांच्या गाडीत बसून जे केलं तेच आम्ही भिवंडीला एस.टी.त बसून केलं. आमच्या दारात मात्र ताट कोणी ठेवलं नाही. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

माझा स्वभाव संपाने घडवला तसा संपानंतरच्या वर्षांनी जास्त घडवला. १९८३च्या ऑक्टोबरात सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, आम्हाला वाटलं आता सुरू होईल. मग १९९१चा विकास नियंत्रण नियम आला, ५८ नंबरचा. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची तर एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक हिस्सा म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. वाचून बरं वाटलं. २००१ला त्यात बदल झाला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. जिथे खाती, शेड, गोदामं उभी, ती जमीन वाटणीत नाही. चार शब्दांचा बदल, आणि कित्येक एकर गेली. २००६ला सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला.

मी सातवी शिकलेला माणूस. त्या दिवसापासून कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाही. शासन निर्णय वाचायला शिकलो. नियम, पोटनियम, “परंतु” ने सुरू होणारं वाक्य, सगळं. चाळीच्या पुनर्विकासाचा करार आला तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला, आजोबा, सगळ्यांनी सही केलीय. मी म्हटलं, मग एकाने वाचायला काय हरकत आहे? तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या, त्या त्यांना बदलाव्या लागल्या.

---

चिंचपोकळीचा_बाळा

तात्या, भिवंडीचं तुम्ही जे लिहिलंत ते मला वडिलांनी कधी सांगितलं नाही. तेही गेले होते, एवढं माहीत होतं.

माझं मत बदललेलं नाही. माणूस घडवायला संप लागत नाही, आणि कोणाच्याही पोराला तो लागू नये. पण तुमच्या करारावरच्या पेन्सिलच्या खुणा वाचून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या इमारतीचाही करार आलाय. मी न वाचता सही करणार होतो, कटकट नको म्हणून.

---

खिडकीतला_पिंपळ

आता आजीबद्दल. उशीर झाला.

वाइंडिंगमध्ये बायका असायच्या, पण संपाच्या कितीतरी आधीपासून गिरण्यांनी बायका कमी करायला सुरुवात केली होती. नवी मशिनं आली की पहिल्यांदा बायकांची खाती आटायची. रात्रपाळीला बायकांना घ्यायला कायद्याने बंदी, मग तिन्ही पाळ्या चालवणाऱ्याला पुरुषच बरे. आजी म्हणायची, “पुरुषांचा संप १९८२ला झाला. आमची गिरणी त्याआधीच बंद पडत आली होती, तेव्हा कोणी एक मोर्चा काढला नाही.”

तरी ती संपात होती. मोर्चात पुढे चालायची. तुरुंगात एक रात्र काढली, परत आली तेव्हा आजोबांनी तिच्यासाठी चहा केला होता. आयुष्यात पहिल्यांदा. ती गोष्ट ती तुरुंगापेक्षा जास्त रंगवून सांगायची.

तिने मला एक सवय लावली. घरात कोणताही निर्णय असो, जी बाई स्वयंपाकघरातून ऐकतेय तिला बाहेर बोलवायचं, बसवायचं, मग बोलायचं. आमच्याकडे लग्नाची बोलणीसुद्धा अशीच होतात. पाहुण्यांना आधी चमत्कारिक वाटतं.

---

मीनल_मेलबर्न

माझा जन्म संपानंतरचा. आजोबा लालबागला गिरणीत होते एवढंच मला माहीत. ते या विषयावर बोलले नाहीत, बाबाही बोलत नाहीत. पण या धाग्यातल्या किती गोष्टी आमच्या घरात आहेत! बाबा अजून इथे येऊनसुद्धा पोत्याने तांदूळ घेतात. कोणी पैसे परत करायला आलं की आधी “राहू दे” म्हणतात आणि मग वहीत लिहून ठेवतात. मला वाटायचं हा त्यांचा विक्षिप्तपणा. सुलभाताई, तुमच्या आईचं वाचून मी बाबांना फोन केला. त्यांनी विषय बदलला, पण फोन ठेवला नाही. बराच वेळ क्रिकेटवर बोलत राहिले.

आजोबांची एक पत्र्याची पेटी आजीकडे मुंबईत आहे. त्यात जुने कागद आहेत म्हणे. गिरणी कामगारांना म्हाडाची घरं मिळतात असं ऐकलंय. आजोबा नाहीत, तर आता काही उपयोग आहे का त्या कागदांचा? कोणाला विचारू?

---

सुलभा_करीरोड

मीनल, बाबांना लगेच पुन्हा विचारू नकोस. त्यांच्या आईबद्दल विचार, स्वयंपाकाबद्दल विचार, त्या वर्षी घरात काय शिजायचं ते विचार. आमच्याकडे माणसं संपाबद्दल बोलत नाहीत, पण आमटीबद्दल बोलतात आणि मग त्यातून सगळं येतं. कागदांचं तात्या सांगतील.

---

तात्या_भोंगा

मीनल बाळ, पेटी फेकू नका आणि कोणा एजंटाच्या हातात तर मुळीच देऊ नका.

१ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर जो कामगार गिरणीच्या पटावर होता तो या योजनेत धरतात, आणि तो नसेल तर त्याच्या वारसालाही धरतात. सोडत सगळ्यांची एकदम होत नाही. २०१२च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्जदार लाखाच्या वर. म्हणजे वाट बघायची तयारी पाहिजे.

पेटीत हे शोधा. गिरणीचं तिकीट, म्हणजे नंबराचा बिल्ला किंवा ओळखपत्र. कामगार विम्याचं कार्ड. प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, त्यावर नंबर असतो. पगाराची पावती, रजेचा कागद, सर्व्हिसचा दाखला, काहीही ज्यावर गिरणीचं नाव आणि तारीख आहे. नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असणार, घाबरायचं नाही, आमच्या सगळ्यांचं तसंच आहे. प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवा, मूळ कागद आजीकडेच राहू देत.

आणि अर्ज पूर्वी कोणी भरला होता का ते आधी आजीला विचार. पुष्कळ घरांत आजोबांनी फॉर्म भरून पावती पेटीत टाकलेली असते आणि पोरांना पत्ता नसतो. पावती सापडली तर तिच्यावरचा नंबर लिहून काढ आणि म्हाडाच्या कार्यालयात त्या नंबराने चौकशी करायला घरच्या कोणाला तरी प्रत्यक्ष पाठव. मीही जाईन सोबत, गुरुवार सोडून कधीही. गुरुवारी दवाखाना असतो.